मोटारीच्या मालकाची हत्यारपेटी

मोटारीचा इतिहास बहुधा कारखानदारांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. कोणीं इंजिन शोधलें, कोणीं कारखाना काढला, कोणत्या वर्षीं किती गाड्या रस्त्यावर आल्या, हें सर्व त्यांत येतें. परंतु गाडी कारखान्याच्या दारांतून बाहेर पडून एखाद्या गृहस्थाच्या अंगणांत उभी राहिली, म्हणजे तिचा दुसरा इतिहास सुरू होतो. विकत घेतलेलें यंत्र जसेंच्या तसें वापरावें, कीं आपल्या रस्त्याला, आपल्या कामाला व आपल्या हौसेला जुळेल असें तें स्वतःच्या हातानें सुधारून घ्यावें, हा प्रश्न मोटारीइतकाच जुना आहे. सुधारणा घरींच करावयाची ठरली, कीं पहिला निर्णय हत्याराचा करावा लागतो. चुकीच्या पान्यानें नटाचे कोपरे झिजले, म्हणजे पुढें योग्य पाना मिळूनहि उपयोग होत नाहीं. म्हणूनच या दुसऱ्या इतिहासाची पानें हत्यारांच्या पिशवींतूनच वाचावीं लागतात.

या इतिहासाचा आरंभ एका गृहिणीपासून होतो, ही ध्यानांत ठेवण्यासारखी गोष्ट आहे. १८८८ च्या ऑगस्ट महिन्यांत जर्मनींतील मानहाइम शहराहून बेर्टा बेंझ ही आपल्या दोन मुलांना बरोबर घेऊन फोर्त्सहाइम येथें माहेरीं जावयास निघाली. वाहन होतें पति कार्ल बेंझ यांनीं बनविलेली तीन चाकांची मोटार. अंतर सुमारें १०० किलोमीटर. इतका लांबचा प्रवास त्यापूर्वीं कोणत्याहि मोटारीनें केलेला नव्हता. वाटेंत इंधनाची नळी तुंबली, तेव्हां बाईंनीं टोपीची लांब टांचणी काढून ती मोकळी केली. विजेच्या तारेचें आवरण झिजलें, तेव्हां मोज्याचा पट्टा तिच्यावर गुंडाळला. उतारावर ब्रेक झिजून निकामी होऊं लागले, तेव्हां एका चांभाराकडून त्यांवर चामडें बसवून घेतलें. पहिल्या दोन गोष्टी दुरुस्तीच्या होत्या. तिसरी मात्र सुधारणा होती, कारण कारखान्यांतून निघतांना गाडीला जें नव्हतें तें तिला वाटेंत मिळालें. चढावर मुलांना गाडी ढकलावी लागली होती. तेव्हां चढासाठीं आणखी एक गियर असावा, हा अनुभवहि त्याच प्रवासानें कार्ल बेंझ यांच्या पदरांत टाकला.

पण टांचणी व चांभार यांच्या भरंवशावर फार दिवस चालण्यासारखें नव्हतें. हत्यार निवडावयाचें, तर तें ज्याला लावावयाचें तो नट आधीं ठरलेल्या मापाचा असला पाहिजे. आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं तसें नव्हतें. प्रत्येक कारखान्याचे आटे निराळे, त्यामुळें एका ठिकाणचा नट दुसऱ्या ठिकाणच्या बोल्टावर बसेना. १८४१ सालीं जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज यंत्रकारानें अनेक कारखान्यांतील बोल्ट गोळा केले, त्यांच्या मापांची सरासरी काढली आणि ५५ अंशांच्या कोनाचा एक ठराविक आटा सुचविला. पुढें १८६४ सालीं फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटपुढें विल्यम सेलर्स यानें अमेरिकेसाठीं ६० अंशांचा आटा मांडला. साध्या कारागिरालाहि तो सहज कापतां यावा, हा त्याचा हेतु होता. अशा रीतीनें प्रत्येक देशांत आंतल्या आंत एकवाक्यता झाली, परंतु दोन देशांमध्यें एक भिंत उभी राहिली.

या भिंतीचा त्रास पुढें कित्येक वर्षें मोटारमालकांनीं भोगला. इंग्रजी पान्यावर जो आकडा कोरलेला असे, तो बोल्टाच्या जाडीचा असे. पान्याच्या तोंडाचा नसे. म्हणून पाव इंचाचा म्हणून घेतलेल्या व्हिटवर्थ पान्याचें तोंड प्रत्यक्षांत अर्ध्या इंचाहून किंचित् मोठें भरे. अमेरिकन पान्यावर मात्र तोंडाचेंच माप लिहिण्याचा प्रघात पडला. एकाच पेटींत दोन्ही प्रकार मिसळले, म्हणजे आकडा वाचून हत्यार उचलणारा मनुष्य हटकून फसे.

१ ऑक्टोबर १९०८ रोजीं हेन्री फोर्डची 'मॉडेल टी' ही गाडी बाजारांत आली, आणि घरच्या घरीं मोटार हाताळणारा असा एक नवा वर्गच जन्मास आला. या गाडीचें इंजिन चार सिलिंडरांचें व वीस अश्वशक्तीचें होतें. व्हॅनेडियम मिसळलेल्या पोलादामुळें ती हलकी असूनहि चिवट होती, आणि खेड्यांतील खड्डे व चिखल ओलांडतां यावे म्हणून जमिनीपासून बरीच उंच होती. आरंभीं तिची किंमत ८५० डॉलरांच्या घरांत होती. १९२५ सालीं तिचा सर्वांत स्वस्त प्रकार २६० डॉलरांस मिळूं लागला. १९२७ सालीं तिचें उत्पादन थांबलें, तोंवर दीड कोटि गाड्या रस्त्यावर आल्या होत्या. घेणाऱ्यांत शेतकरी व लहान गांवांतील व्यापारी पुष्कळ. सर्वांत जवळचा कारागीर कित्येक मैल दूर. म्हणून गाडीबरोबरच एक पक्कड, एक डिसमिस, तोंड कमीजास्त करतां येणारा एक पाना, स्पार्क प्लगचा व चाकाच्या टोपीचा पाना, जॅक आणि हवा भरण्याचा पंप अशीं मोजकीं हत्यारें मिळत. सोबत एक पुस्तिकाहि असे, आणि तींतील मजकूर प्रश्नोत्तरांच्या रूपानें लिहिलेला असे. मालक स्वतःच गाडी उघडील, हें कारखान्यानें गृहीतच धरलें होतें.

तीं कामें कशीं होत, हें पाहिल्याखेरीज हत्यारांच्या निवडीचें मर्म कळत नाहीं. या गाडीच्या गियरपेटींत तीन पट्टे असत: एक संथ गतीचा, एक उलट गतीचा व एक ब्रेकचा. झिजल्यावर ते आवळावे लागत. संथ गतीचा पट्टा पेटीच्या बाहेरच्या स्क्रूनें आवळतां येई. त्याला पाना पुरे. उरलेल्या दोहोंसाठीं मात्र पेटीचें झांकण काढून हात आंत घालावा लागे, आणि बोटांतून एखादा नट निसटला, कीं तो थेट यंत्राच्या पोटांत जाई. म्हणून जाणता मालक काम सुरू करण्यापूर्वीं खालीं एक जुनें फडकें कोंबून ठेवी. त्या पेटींतील हत्यारांच्या यादींत हें फडकें छापलेलें नव्हतें, पण त्याच्या अभावीं एका नटापायीं सारी गियरपेटी खोलण्याची पाळी येत असे.

इंजिनाच्या व्हॉल्व्हची गोष्ट अशीच होती. व्हॉल्व्ह व त्याला उचलणारा दांडा यांच्यामध्यें थोडी फट असावी लागते. परंतु ती कमीजास्त करण्याची सोय फोर्डनें ठेविली नव्हती. फट कमी झाली, तर व्हॉल्व्हचें टोंक घासून लहान करावयाचें, हाच उपाय. तेथें पान्यापेक्षां बारीक कानशीचा व फट मोजण्याच्या पातळ पत्र्यांचा उपयोग अधिक होई. दट्ट्याच्या दांड्यांच्या बेअरिंगना ढिलेपणा आला, तर इंजिन खालीं न उतरवितां पोटाकडील झांकण काढून तें काम करतां येई. परंतु तेथेंहि कानशीचा एक हात अधिक पडला, म्हणजे बेअरिंग इतकें घट्ट बसे, कीं हँडल फिरेनासें होई. लोखंडाच्या कामांत घासून काढलेलें परत लावतां येत नाहीं, हें ज्याला कळलें तो मोठी कानस घरांत आणीत नसे.

मूळ गाडींत उणीवा पुष्कळ होत्या, आणि म्हणूनच सुधारणेला वाव मोठा होता. पेट्रोल किती उरलें हें दाखविणारा कांटा नव्हता. पुढची बैठक उचलून टांकींत काठी बुडवावी लागे. पेट्रोल इंजिनाकडे केवळ आपल्या वजनानें वाहात येई. म्हणून टांकी अर्धीअधिक रिकामी असतां उभा चढ आला, तर गाडी उलट फिरवून मागल्या मागें चढवावी लागे. विजेचा स्टार्टर १९१९ सालापर्यंत कारखान्याकडून मिळत नव्हता. या उणीवांवर एक स्वतंत्र व्यापारच उभा राहिला. पाणी फिरविणारे पंप, धक्के झेलणाऱ्या स्प्रिंगा, व्हॉल्व्हची फट जुळविण्याचे नवे दांडे, असें नाना प्रकारचें सामान टपालानें घरपोंच येऊं लागलें. रकस्टेल नांवाचा दुहेरी गतीचा मागील आंस बसविला, म्हणजे चढावर गाडीचें बळ वाढे. विस्कॉन्सिनमधील रसीन गांवीं जो यागर्सबर्गर यानें इंजिनासाठीं नवें शिर तयार केलें, आणि गांवाच्या व आपल्या नांवाचीं आद्याक्षरें जोडून त्याला 'राजो' हें नांव दिलें. शेव्हरोले बंधूंच्या फ्रंटेनॅक शिरानें सजलेली एक फोर्ड तर १९२३ सालीं इंडियानापोलिसच्या पांचशें मैलांच्या शर्यतींत पांचवी आली. शेतकऱ्यांची सुधारणा वेगळ्या जातीची होती. त्यांनीं मागलें चाक उचलून त्यावर पट्टा चढविला आणि त्याच इंजिनावर लांकडें कापलीं. कित्येकांनीं तयार सामान जोडून तिचा ट्रॅक्टर बनविला.

आतां निवडीचा खरा पेंच येथें येतो. एकच पाना अनेक मापांना लावावा, कीं प्रत्येक मापाला स्वतंत्र पाना घ्यावा? पहिल्या पक्षाचा जन्म जुना. १८४१ सालीं अमेरिकेंत लोरिंग कोज यानें स्क्रू फिरवून तोंड बदलतां येणारा पाना काढला, आणि १८९० नंतरच्या पहिल्या वर्षांतच स्वीडनमधील योहान पेटर योहान्सन यानें त्याला आज घरोघरीं दिसणारें रूप दिलें. हा पाना स्वस्त व सर्वोपयोगी खरा. पण त्याचा एक जबडा सरकता असतो, आणि सरकणाऱ्या वस्तूला थोडी तरी ढील असतेच. जोर लावला, कीं ती ढील नटाच्या कोपऱ्यावर येते व कोपरा गोल होतो. ठराविक तोंडाचा पाना नटाच्या सपाट बाजूंवर बसतो आणि जोर वांटून घेतो. फोर्डबरोबर आलेला सरकता पाना वाटेंतल्या अडचणीसाठीं होता. रोजच्या कामासाठीं नव्हता, हें मालकांना अनुभवानें कळत गेलें.

परंतु प्रत्येक मापाचा पाना घ्यावा, तर खर्च व ओझें दोन्ही वाढतात. या अडचणींतून १९२० सालीं मिलवॉकी येथें जोसेफ जॉन्सन व विल्यम साइडमन यांनीं वाट काढली. त्यांनीं पांच निरनिराळे दांडे व दहा सॉकेटें केलीं. कोणताहि दांडा कोणत्याहि सॉकेटाला लागे, आणि पांच हत्यारें पन्नासांचें काम करतात, अशी त्यांची जाहिरात होती. विचार साधा होता. नटाला हवें असतें तें माप, आणि हाताला हवी असते ती लांबी. या दोन गरजा वेगळ्या केल्या, म्हणजे पेटी लहान होते. १९२४ सालीं नेब्रास्कांतील विल्यम पीटरसन या लोहारानें एकदां धरलें कीं सुटत नाहीं अशा पक्कडीचें पेटंट घेतलें. कोपरे झिजलेला नट काढावयास तिच्यासारखें साधन नाहीं. मात्र चांगल्या नटाला ती लावली, तर त्याचेहि कोपरे खराब होतात.

हत्यारें चांगलीं मिळूं लागलीं, तसा एक नवा धोका पुढें आला. बळ वाढविणें सोपें झालें, आणि आवरणें तितकेंच अवघड राहिलें. फोर्डच्या या गाडीचा पायाचा ब्रेक चाकांवर नव्हता, तर गियरपेटींतील एका पट्ट्यावर होता. इंजिनाचा मुख्य दंड तीनच बेअरिंगांवर फिरे व तो बारीक असे. नवें शिर बसवून इंजिनाचा जोर वाढविला, कीं तोच दंड मोडण्याचा संभव उत्पन्न होई. आणि गाडी वेगांत असतां मागचा आंस मोडला, तर पायाचा ब्रेक निरुपयोगी ठरे. म्हणून शहाण्या मालकाच्या खरेदीचा क्रम निराळा असे: आधीं मागच्या चाकांवर बसणारे जादा ब्रेक, मग बेअरिंगांची तपासणी, आणि वेग वाढविणारें सामान सर्वांच्या शेवटीं. हत्यारांच्या बाबतींतहि तोच क्रम लागू पडतो. गाडी उचलणारा जॅक घेतला, पण ती अधांतरीं धरून ठेवणारा भक्कम टेकू व चाकाखालीं घालावयाचे ठोकळे घेतले नाहींत, तर उरलेल्या पेटीची किंमत शून्य आहे. जॅक उचलण्यासाठीं असतो; त्याच्या भरंवशावर गाडीखालीं शिरणें म्हणजे जीव एका सांध्यावर टांगणें होय. हँडल मारतांना ठिणगीची वेळ मागें घेण्यास विसरलेल्या कित्येकांचे हात त्या काळीं मोडले. त्यांना हत्याराची वाण नव्हती, क्रमाचा विसर पडला होता.

१९३२ सालीं फोर्डनें ६५ अश्वशक्तीचें आठ सिलिंडरांचें इंजिन स्वस्त गाडींत घातलें, आणि कॅलिफोर्नियांतील तरुणांना नवें खेळणें मिळालें. जुन्या गाड्या घेऊन, त्यांचें वजन कमी करून, इंजिनें सुधारून ते मुरॉकच्या कोरड्या सरोवराच्या सपाटीवर वेग अजमावीत. १९३७ सालीं त्यांच्या मंडळांची संघटना झाली, व १९४९ सालीं बॉनव्हिलच्या मिठागरावर पहिला मेळावा भरला. याच काळांत पेटींतील हत्यारेंहि बदलत होतीं. १९३६ सालीं कॅडिलॅकच्या कारखान्यांत फुलीच्या खांचेचा फिलिप्स स्क्रू वापरूं लागले, आणि सरळ धारेचा डिसमिस एकटा पुरेनासा झाला. महायुद्धांत इंग्रजी व अमेरिकन यंत्रांचे नट परस्परांस न बसल्यानें इतका घोटाळा झाला, कीं अखेर १८ नोव्हेंबर १९४८ रोजीं वॉशिंग्टन येथें अमेरिका, ब्रिटन व कॅनडा यांनीं ६० अंशांचा एकच आटा मान्य केला. व्हिटवर्थ व सेलर्स यांच्यामधील भिंत पडावयास अशीं ८४ वर्षें लागलीं.

मुंबईच्या मोटारमालकाला ही भिंत प्रत्यक्ष भेटत होती. १९२६ सालीं फोर्डची हिंदुस्थानांतील कंपनी निघाली आणि मुंबईंत गाड्या जोडल्या जाऊं लागल्या; १९२८ सालीं शिवडीस जनरल मोटर्सचा कारखाना सुरू झाला. त्याच रस्त्यांवर विलायती गाड्याहि धांवत. अमेरिकन गाडीला एक पानेसंच, विलायती गाडीला दुसरा. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून १९४७ पासून डॉज व प्लिमथ गाड्या निघाल्या, आणि पुढें इटालियन घराण्याची फियाट आली, ती मिलिमीटरांचीं मापें घेऊन. १९५६ च्या कायद्यानें देशांतहि दशमान पद्धति आली, आणि जुन्या पेट्यांत तिसरा संच शिरला. या तीन संचांतील साम्यच फसवें असतें. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर, तेथें १९ चा पाना चालून जातो. परंतु अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर; त्याला १३ चा पाना लावला, तर तो बसल्यासारखा वाटतो, आणि जोर पडतांच कोपरा घेऊन सुटतो. म्हणून गाडी कोणत्या देशाच्या मापाची आहे, हें विचारल्याखेरीज हत्यार घेऊं नये, हा धडा येथील मालकाला दुसऱ्या कोणी शिकवावा लागला नाहीं.

त्यानंतर मोटार फार बदलली. १९९६ पासून अमेरिकेंत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारींत दोष सांगणारी एक ठराविक विद्युत्-खूण ठेवणें आवश्यक झालें, आणि ती वाचणारें यंत्र घरच्या पेटींत पान्याशेजारीं जाऊन बसलें. पण हीच माहिती मालकापासून दडविली जाऊं लागली, तेव्हां जुना प्रश्न नव्या रूपानें उभा राहिला. मॅसॅच्युसेट्स राज्यांतील मतदारांनीं २०१२ सालीं, आणि पुन्हां २०२० सालीं, गाडीच्या दुरुस्तीची माहिती कारखान्यानें मालकाला व त्याच्या कारागिराला द्यावी, असा कौल दिला. 'मॉडेल टी'च्या काळीं जी गोष्ट प्रश्नोत्तरांच्या पुस्तिकेनें आपण होऊन दिली होती, ती आतां कायद्यानें मागावी लागली.

तेव्हां घरीं मोटार सुधारूं इच्छिणाऱ्यानें या इतिहासांतून घ्यावयाचें तें थोडकेंच आहे. प्रथम गाडीचें माप ओळखावें आणि त्याच मापाचे ठराविक तोंडाचे पाने व सॉकेटें घ्यावीं. संख्या थोडी असली तरी चालेल, पोलाद चांगलें असावें. सरकता पाना व घट्ट धरणारी पक्कड अडचणीसाठीं राखून ठेवावीं. नट किती आवळावा हें पुस्तिकेंत दिलेलें असतें. तें मोजणारा पाना घ्यावा, हाताच्या अंदाजावर विसंबूं नये. टेकू, ठोकळे व फडकें यांना हत्यारांतच गणावें. आणि गाडी वेगानें पळविणारी वस्तु विकत घेण्यापूर्वीं तिला थांबविणारी वस्तु तपासावी. बेर्टा बेंझच्या जवळ पेटी नव्हती. पण उतारावर गाडी आवरली पाहिजे, हें ध्यानीं येतांच ती चांभाराच्या दारीं थांबली. अंगणांत गाडी उघडून बसणाऱ्या प्रत्येकाचें पहिलें कर्तव्य तेंच आहे.